बडोद्यात नवीन आलात? दातांचा डॉक्टर दुखायच्या आधी शोधा

रिफायनरीत, रेल्वेत, मकरपुऱ्याच्या कारखान्यांत नाहीतर युनिव्हर्सिटीत नोकरी लागून महाराष्ट्रातून बडोद्याला आलेलं कुटुंब पहिल्या महिन्यात घर, गॅस, शाळा, दूधवाला एवढं मार्गी लावतं. तापाखोकल्याचा डॉक्टरही शेजारीपाजारी विचारून ठरतो. दातांचा डॉक्टर मात्र कुणाच्याच यादीत नसतो. त्याची आठवण येते दाढ ठणकायला लागल्यावर, बहुधा रात्री, आणि सकाळी जो दवाखाना आधी उघडेल त्याच्या खुर्चीत आपण जाऊन बसतो. ठणकत असताना ना चौकशी सुचते, ना खर्च विचारायचं भान राहतं. समोरचा म्हणेल त्याला माणूस मान डोलावतो. म्हणून हे काम दात शाबूत असतानाच उरकायचं.

डॉक्टर नक्की कुणासाठी हवाय?

नोकरीवर जाणाऱ्या माणसाचं भाषेवाचून फारसं अडत नाही. बडोद्यात हिंदी सगळीकडे चालते, तरुण डॉक्टर इंग्रजीही सहज बोलतात. अडतं ते वर्षातले काही महिने मुलाकडे राहायला येणाऱ्या आईचं किंवा सासूबाईंचं. त्यांना मालिकांमधली हिंदी कळते, पण ‘डावीकडून कानापर्यंत सणक जाते आणि आडवं झालं की वाढते’ हे हिंदीत सांगायची वेळ आली की त्या गप्प होतात. मग मुलगा किंवा सून मध्ये बसून बोलते आणि दुखणं अर्धंच पोचतं, कारण सुनेसमोर आपल्या कवळीची गाऱ्हाणी सांगायला त्यांना संकोच वाटतो. घरात असं कुणी असेल तर डॉक्टरला मराठी निदान समजलं पाहिजे, ही पहिली अट धरा.

दुसरी अट जिन्याची. जुन्या शहरात पुष्कळ दवाखाने पहिल्या मजल्यावर आहेत, जिना अरुंद आणि लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला एका रूट कॅनलसाठी तो जिना दोन-तीनदा चढावा लागतो, वर कॅपच्या मापासाठी आणि ती बसवायला वेगळी खेप. गोत्री, वासणा-भायली भागात राहत असाल तर जुन्या शहरातल्या रावपुऱ्याचा डॉक्टर कितीही नावाजलेला असो, संध्याकाळच्या गर्दीतून तिथवर जाणं आणि गाडी लावायला जागा शोधणं हेसुद्धा हिशेबात घ्या.

विचारायचं कुणाला आणि काय

दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापनगर या भागांत मराठी कुटुंबं गायकवाडी काळापासून राहतात. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या आसपास कुणाही मराठी घरात चौकशी केलीत तर दोन-चार नावं लगेच मिळतील. पण नुसत्या आडनावावर जाऊ नका. इथल्या मराठी घरांतली नवी पिढी गुजराती शाळेत शिकलेली असते, त्यामुळे पाटीवर जोशी असूनही डॉक्टर गुजरातीतच मोकळे होतात. आणि रावपुऱ्याच्या पोळात, म्हणजे जुन्या गल्लीत, वाढलेले पटेल डॉक्टर आजीबाईंशी तुमच्या-आमच्यासारखं मराठी बोलतात. फोन करून सरळ विचारा, ‘आमच्या आईला फक्त मराठी येतं, चालेल ना?’ उत्तर कसं येतं त्यावरूनच बरंच कळतं.

‘चांगला डेंटिस्ट सांगा’ या प्रश्नाला प्रत्येक जण आपला माणूस सांगतो. त्यापेक्षा असं विचारा: तुमच्या आईची कवळी कुणी केली, आणि ती आता तोंडात असते की डबीत? रूट कॅनल केलेली दाढ अजून आहे का? डॉक्टरांनी कधी ‘सध्या काही करायची गरज नाही’ असं सांगून परत पाठवलंय का? या तिसऱ्या प्रश्नाला ज्याच्याबद्दल ‘हो’ उत्तर आलं, त्याचं नाव मी सगळ्यात वर लिहीन.

नेटवरचे तारे बघायला हरकत नाही, पण नुसतं ‘व्हेरी गुड सर्व्हिस’ वाचून हाती काही लागत नाही. तक्रारी वाचा आणि त्यांना दवाखान्याने काय उत्तर दिलंय तेही वाचा.

पाटी वाचता आली पाहिजे

बीडीएस ही दंतवैद्यकाची मूळ पदवी. इंटर्नशिप धरून पाच वर्षांची. त्यावर तीन वर्षांची एमडीएस, आणि तिच्या नऊ शाखा आहेत. आपल्याला गरज पडते ती मुख्यतः यांची: रूट कॅनलसाठी एंडोडॉन्टिस्ट, कवळी आणि कॅप-ब्रिजसाठी प्रोस्थोडॉन्टिस्ट, हिरड्यांसाठी पेरिओडॉन्टिस्ट, दातांना तारा बसवायला ऑर्थोडॉन्टिस्ट, अडकलेली अक्कलदाढ काढायला ओरल सर्जन आणि लहान मुलांसाठी पेडोडॉन्टिस्ट. ‘कॉस्मेटिक डेंटिस्ट’ किंवा ‘इम्प्लांटॉलॉजिस्ट’ असं पाटीवर दिसलं तर त्या एमडीएसच्या वेगळ्या शाखा नाहीत हे लक्षात ठेवा. काम उत्तम असू शकतं, फक्त मूळ पदवी काय ते विचारा.

साफसफाई, सिमेंट भरणं, साधी दाढ काढणं, सरळसोट रूट कॅनल हे सगळं अनुभवी बीडीएस डॉक्टर व्यवस्थित करतात. उगाच प्रत्येक गोष्टीसाठी स्पेशालिस्ट धुंडाळू नका. पुष्कळ छोट्या दवाखान्यांत ठरावीक वारी स्पेशालिस्ट येऊन कठीण कामं करून जातात. पद्धत चांगलीच आहे. फक्त माझ्या दाढेला हात कोण लावणार, आणि नंतर दुखलं तर फोन कुणाला करायचा, हे आधी ठरवून घ्या.

डॉक्टरची राज्याच्या डेंटल कौन्सिलकडे नोंदणी असते. तो नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर किंवा भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर दिसला पाहिजे. जुन्या बाजारपेठांत, मग ती कुठल्याही शहरातली असो, एका बैठकीत ‘फिक्स दात’ लावून देणारे बसलेले असतात. ते अॅक्रिलिक, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक, थेट शेजारच्या चांगल्या दातांना चिकटवतात. खाली अन्न कुजतं, हिरडी सुजते आणि एका दातापायी शेजारचे दोन जातात. स्वस्त पडतं म्हणून वडीलधारी माणसं परस्पर जाऊन लावून येतात, तेव्हा त्यांना आधीच बजावून ठेवा.

पहिली भेट साफसफाईच्या निमित्ताने

काही दुखत नसताना तपासणी आणि क्लीनिंगसाठी जायचं. खर्च थोडा असतो आणि डॉक्टरची सगळी रीत बघायला मिळते.

खुर्चीत बसलात की ट्रेकडे बघा. आरसा, प्रोब (दात तपासायची टोकदार सळई), चिमटा हे एका बाजूने कागद आणि दुसऱ्या बाजूने पारदर्शक प्लास्टिक असलेल्या बंद पाकिटातून तुमच्यासमोर निघायला हवेत. त्या पाकिटावर एक छोटी खूण छापलेली असते. ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्राच्या, वाफेत ती रंग बदलते, म्हणजे पाकीट वाफेतून जाऊन आलंय हे दिसतं. ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखाली 121 अंशांवर साधारण 15 मिनिटं किंवा 134 अंशांवर तीनेक मिनिटं वाफ लागते. नुसत्या उकळत्या पाण्याने किंवा औषधाच्या ट्रेमध्ये बुडवून ठेवण्याने ते काम होत नाही. ‘ऑटोक्लेव्ह कुठे आहे?’ असं विचारायला लाजू नका. ज्यांच्याकडे सगळं नीट असतं ते डॉक्टर कौतुकाने आत नेऊन दाखवतात. कपाळाला आठ्या पडल्या तर तेही उत्तरच.

मग ते काय विचारतात ते ऐका. मधुमेह, रक्तदाब, चालू गोळ्या, कसली अॅलर्जी, हे विचारायच्या आत तोंडात हात घालणारा डॉक्टर मला नको. एक्स-रे काढला तर तो पडद्यावर दाखवून ‘ही काळी जागा म्हणजे कीड, ती नसेपर्यंत गेलीय’ असं समजावणारा हवा.

आता मराठीची अट कितपत ताणायची, तेही सांगते. आमच्या शेजारच्या घरी साताऱ्याहून आलेल्या आजींची दाढ दुखत होती. मराठी डॉक्टर गावाला गेलेले, म्हणून मी त्यांना एका गुजराती डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी विचारलं, ‘बा, ठंडा पाणीथी दुखे?’ आजी म्हणाल्या, ‘हां.’ ‘गरमथी?’ ‘हां.’ ‘दबाववाथी?’ ‘हां, हां.’ डॉक्टरपुढे प्रत्येक गोष्टीला हो म्हणायचं, ही त्या पिढीची सवय. बाईंनी विचारणं थांबवलं. कापसाचा बारीक बोळा चिमट्यात धरून त्यावर गार फवारा मारला, आजींना हात वर करून दाखवला (दुखलं की असा करायचा) आणि बोळा एकेका दाताला टेकवत गेल्या. दोन दातांना आजींचा हात वर गेला आणि लगेच खाली आला. तिसऱ्याला गेला तो बोळा काढून घेतल्यावरही वरच राहिला. मग आरशाच्या दांड्याने त्याच दाताच्या डोक्यावर टकटक केलं. आजी ज्या दाढेकडे बोट दाखवत होत्या ती ही नव्हतीच, शेजारची होती. एक्स-रेनेही तेच सांगितलं.

गारव्याची कळ लगेच ओसरली तर बहुतेक वेळा नस वाचलेली असते आणि सिमेंटवर भागतं. ती रेंगाळली, किंवा काही न खाता-पिता रात्री आपोआप ठणका लागला, तर प्रकरण नसेपर्यंत गेलेलं असण्याची शक्यता जास्त. हे शोधायला ज्याच्याकडे दहा मिनिटं आहेत त्याला मराठी येत नसलं तरी आजींना तिथेच न्या. गोड मराठी बोलून तपासल्याशिवाय थेट रूट कॅनल सांगणाऱ्याकडे नेऊ नका.

जाताना सोबत एक कागद

मोठ्या माणसाला नेताना एका पानावर लिहून न्या, देवनागरीत लिहिलं तरी बडोद्यात वाचता येतं: दुखणं कधीपासून, कुठल्या बाजूला, गार-गरम-गोड-चावणं यांपैकी कशाने, रात्री झोपमोड होते का, सूज किंवा ताप आहे का. खाली सगळ्या गोळ्यांची नावं. ‘बीपीची पांढरी गोळी’ यावरून कुणालाच काही कळत नाही. सरळ गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घाला.

तीन गोष्टी न विसरता सांगायच्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती दाढ काढायच्या आधी आपल्या मनाने बंद करायची नाही. ते हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरतं. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन घेतलं असेल तर दाढ काढल्यावर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. आणि हृदयाची कृत्रिम झडप असेल तर हिरडीतून रक्त येईल अशा कामाआधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. मधुमेह असेल तर अलीकडचा साखरेचा रिपोर्ट न्या. घरात गरोदर कुणी असेल तर तिचं दाताचं काम बाळंतपणानंतरवर ढकलू नका. आवश्यक उपचार करता येतात आणि मधले तीन महिने त्यासाठी सगळ्यात सोयीचे. फक्त दिवस गेलेत हे एक्स-रेच्या आधी सांगायचं.

पैशाचं बोलणं आधी

‘रूट कॅनलचे किती?’ एवढंच विचारून निघालात तर शेवटचा आकडा वेगळा निघतो. रूट कॅनल, एक्स-रे, दात फार झिजला असेल तर आत आधाराला घालायची काडी (पोस्ट) आणि वरचा भराव, शेवटी कॅप, या सगळ्यांचे पैसे वेगवेगळे असू शकतात. सगळं कागदावर लिहून मागा. कॅपमध्ये नुसती धातूची, धातूवर सिरॅमिकची आणि झिरकोनियाची असे प्रकार असतात आणि किंमत त्याच क्रमाने चढते. आत न दिसणाऱ्या शेवटच्या दाढेला दिखाऊ कॅप कशाला, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. झिरकोनियाच्या कॅपबरोबर बहुधा वॉरंटीचं कार्ड येतं, ते फाइलला लावा.

नेहमीच्या मेडिक्लेममध्ये दवाखान्यात बसून केलेलं दाताचं काम सहसा बसत नाही. अपघातात दात तुटला तर गोष्ट निराळी. कंपनीची पॉलिसी असेल तर एचआरला आधीच विचारा. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असेल तर गोरव्याचं ईएसआय रुग्णालय, रेल्वेत असाल तर प्रतापनगरचं रेल्वे रुग्णालय, हे पर्याय खासगी दवाखान्याच्या आधी बघा.

खर्च जड जात असेल तर डेंटल कॉलेजात जा. मुंजमहुडा भागात मनुभाई पटेल डेंटल कॉलेज आहे. वाघोडियाकडे पिपरियाला सुमनदीप विद्यापीठाचं के. एम. शाह डेंटल कॉलेज आहे. तिथे विद्यार्थी काम करतात आणि प्रत्येक टप्प्यावर शिक्षक येऊन तपासतात. खासगीपेक्षा बरंच कमी पैशांत होतं. मोजावा लागतो तो वेळ. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, पोळीभाजीचा डबा आणि वाचायला काहीतरी सोबत ठेवा. कवळीसाठी आणि मुलांच्या दातांसाठी मी तर कॉलेजच सुचवते, कारण सगळ्या शाखांचे शिक्षक एका छताखाली असतात आणि घाई कुणालाच नसते.

‘दिवाळीत पुण्याला गेलो की करू’

हे वाक्य बडोद्यातल्या प्रत्येक मराठी घरात ऐकू येतं. पुण्या-मुंबईच्या जुन्या डॉक्टरवर विश्वास असतो आणि मुंबईची गाडीही चार-पाच तासांची. तरी कामाचा प्रकार बघून ठरवा. वर्षाची तपासणी, क्लीनिंग, एका बैठकीतलं सिमेंट, हे खुशाल माहेरी करा. तारा बसवायच्या असतील तर दीड-दोन वर्षं दर महिन्याच्या आसपास खेप असते, तेव्हा त्या इथेच. इम्प्लांटचा, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी बसवायच्या कृत्रिम मुळाचा, स्क्रू हाडात पक्का व्हायला बहुधा तीन ते सहा महिने जातात आणि कवळी नवीन असताना चारदा घासून घ्यावी लागते. तीही कामं जिथे राहता तिथलीच. रूट कॅनल अर्धं करून गावी निघणं तर सगळ्यात वाईट. तात्पुरतं सिमेंट निघतं, आत पुन्हा जंतू शिरतात आणि कॅप नसलेली पोकळ दाढ भाकरीच्या कडेवरसुद्धा उभी चिरते.

बदली होऊन इथे येताना किंवा इथून जाताना जुन्या डॉक्टरकडून एक्स-रे मागून घ्या, मोबाइलवर मूळ फाइल मिळाली तर उत्तम. इम्प्लांट असेल तर त्याची कंपनी आणि माप लिहिलेलं कार्ड हवंच. ते नसेल तर पुढच्या डॉक्टरला स्क्रू ओळखण्यापासून सुरुवात करावी लागते.

गुजराती पंचांग आणि अडीअडचण

महाराष्ट्रातून आलेल्यांना ही गोष्ट कुणी सांगत नाही: दिवाळीला बंद झालेलं शहर लाभपाचमेला, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीला, उघडतं. भाऊबीज झाली की आपण कामाला लागतो, इथे मात्र दुकानांच्या जोडीने पुष्कळ दवाखानेही तोवर बंदच असतात आणि डॉक्टर सहलीला. तसंच उत्तरायणाचं, म्हणजे आपल्या संक्रांतीचं. 14 जानेवारीला सगळं शहर गच्चीवर आणि 15 ला वासी (शिळं) उत्तरायण. त्या दोन दिवसांत तिळाची नि शेंगदाण्याची चिक्की आणि ऊस यांवर कॅपा निघतात, सिमेंट पडतं. डगमगणारं काही तोंडात असेल तर ते दिवाळीच्या आणि उत्तरायणाच्या आधीच्या आठवड्यात उरकून घ्या. नवरात्रात संध्याकाळची अपॉइंटमेंट घेऊ नका. गरब्याच्या गर्दीत पोचेपर्यंत तुमचा नंबर गेलेला असतो. एरवीही बहुतेक दवाखाने दुपारी बंद असतात आणि चार-पाचनंतर पुन्हा उघडतात. त्यामुळे दुपारी फोन उचलला नाही म्हणून रागावू नका.

सुट्टीत दाढ ठणकली तर सोसत असेल ती साधी पॅरासिटामॉल घ्या, कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरा. लवंगेचं तेल कापसावर थेंबभर चालतं. अॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. गालावर सूज असेल तर शेकू नका. मेडिकलवाल्याकडून आपल्या मनाने अँटिबायोटिक घेऊन तर काहीच साधत नाही. नस सुजलेली असते, तिच्यावर त्याचा उपयोग नसतो.

सूज हनुवटीखाली किंवा गळ्याकडे उतरली, ताप आला, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास व्हायला लागला, तर दातांच्या डॉक्टरची वाट न बघता सरळ मोठं रुग्णालय गाठा. सयाजी रुग्णालयाचा, म्हणजे एसएसजीचा, तातडीचा विभाग सणासुदीलाही चालू असतो. तशा सुजेने श्वास कोंडू शकतो.

पतंगाच्या मागे धावताना पोराचा पुढचा पक्का दात मुळासकट निखळला, तर तो डोक्याकडून, म्हणजे चावायच्या बाजूने, उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती लागली असेल तर क्षणभर पाण्याखाली किंवा दुधात धरा आणि शक्य तर लगेच त्याच खाचेत बसवून रुमाल चावायला द्या. जमत नसेल तर दुधाच्या वाटीत टाकून निघा. अर्ध्या तासात पोचलात तर दात वाचायची आशा चांगली असते, तासाभरानंतर ती भराभर घटते. दुधाचा दात असेल तर तो परत बसवायचा नाही, पण मूल दाखवायला न्यायचंच. यासाठी सुट्टीत फोन उचलणाऱ्या एका डॉक्टरचा नंबर, त्यांनाच विचारून, घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आजच घालून ठेवा. आजींच्या मोबाइलमध्ये ‘दातवाले डॉक्टर’ या नावाने.